यंत्राला ताप येतो तेव्हा

(मंडळाच्या व्याख्यानाच्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मंडपात एक संध्याकाळ व्याख्यानाची असते. यंदा ती माझ्या वाट्याला आली याबद्दल मंडळाचा आभारी आहे. मी काही वक्ता नाही. कराडला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेत लागलो, आणि गेली वीस-बावीस वर्षे मशीन, बेअरिंग आणि ग्रीस यांच्या सहवासात गेली. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "मशीन टूलच्या इलेक्ट्रिक स्पिंडलचे कूलिंग." ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "साहेब, वहिनी-काकू असतात, मुले असतात, थोडे सोपे काही चालेल का?" मी म्हटले, ज्या गावात माणसे दिवसातून चार वेळा पितळी डबरा आणि टंबलर घेऊन कॉफी खालीवर ओतत निववतात, त्या गावाला कूलिंग शिकवायला मी कोण? फक्त तेच काम लोखंडाच्या पोटात कसे करतात एवढे सांगतो.

दुसरेही एक कारण आहे. इथे बसलेल्यांपैकी निम्मी मंडळी खानापूर, आटपाडी, तासगाव, माण, खटाव या बाजूंनी गलाईच्या धंद्यासाठी आलेली आहेत. काही घरे तर तंजावरच्या भोसले राजांच्या काळापासून इकडची. त्यांचे मराठी ऐकताना आम्हा नव्या माणसांना मजा वाटते आणि थोडी लाजही. बाकी आम्ही रेल्वे आणि बँकेवाले, आज इथे तर उद्या तिथे. पण गलाईवाल्यांच्या दुकानातली कोळशाची भट्टी जाऊन आता विजेची इंडक्शन मशीन आली आहे, आणि तिच्यातला पाण्याचा प्रश्न आणि माझ्या स्पिंडलमधला पाण्याचा प्रश्न एकाच जातीचा आहे. तिथे शेवटी येणारच आहे.

स्पिंडल म्हणजे काय? लेथवर ज्याच्या तोंडाला चक लावून जॉब फिरवतात, किंवा मिलिंग मशीनवर ज्याला कटर लावतात, तो फिरता दांडा. बेड, कॉलम, टेबल हा मशीनचा सगळा संसार या एका दांड्यासाठी मांडलेला असतो. तो जितका नीट फिरेल तितका जॉब नीट.

जुन्या वर्कशॉपमध्ये छताखाली एक लांब शाफ्ट फिरत असे आणि त्यावरून कातड्याचे पट्टे खाली एकेका लेथवर येत. पुढे प्रत्येक लेथला स्वतःची मोटार मिळाली, पण तीही खाली पायाशी, आणि वर गती जाणार ती व्ही-बेल्ट आणि गिअरमधून. सांगली जिल्ह्यातल्या मंडळींना हे सांगायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. पुढे १९४१ साली हरिहरला मैसूर किर्लोस्कर निघाली आणि तिचे लेथ देशभर गेले. ती कंपनी आज राहिली नाही, पण तिचे लेथ अजून कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटीत फेरफटका मारला तर एखाद्या शेडमध्ये चालताना दिसतील. त्या लेथची मोटार कितीही तापली तरी ती उष्णता खाली पायाशी राहायची, वर हेडस्टॉकला तिची झळ कमी. पाय गरम, डोके थंड.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत इन्व्हर्टर स्वस्त आणि चांगले झाले तसा हा कारभार बदलला. बेल्ट आणि गिअर काढून टाकले. मोटारचा रोटर सरळ स्पिंडलच्या दांड्यावरच चढवला आणि स्टेटर त्याच्या भोवतीच्या घरात बसवला. यालाच इलेक्ट्रिक स्पिंडल म्हणतात. फायदे पुष्कळ. बेल्टचे घसरणे नाही, गिअरचा आवाज नाही, थरथर कमी, आणि मिनिटाला दहा हजार, वीस हजार, त्याहून जास्तही फेरे. पण जो पाहुणा आजवर ओसरीवर बसत होता तो आता माजघरात येऊन बसला, आणि बरोबर आपली सगळी उष्णता घेऊन आला.

ही उष्णता किती? १५ किलोवॅट वीज घेणारी मोटार ९० टक्के कार्यक्षम धरली, म्हणजे चांगलीच म्हणायची, तरी दीड किलोवॅट उष्णतेत जाते. घरातली मोठी इस्त्री हजार वॅटची असते. म्हणजे दीड इस्त्री एका बंद डब्यात कोंडून दिवसभर चालू ठेवल्यासारखे झाले. त्यात बेअरिंगच्या घर्षणाची उष्णता वेगळी, आणि वेग वाढला की रोटरभोवती हवा घुसळली जाते तिची वेगळी.

आता ती तापली म्हणून बिघडते काय? रेल्वेवाल्यांना हे गणित पाठ आहे, कारण उन्हाळ्यात रूळ वाढतात. एक मीटर पोलाद एक अंश तापले की साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते. चारशे मिलिमीटरचा स्पिंडल वीस अंश तापला तर तो ९२ मायक्रॉन लांब होईल. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आमच्या वर्कशॉपमध्ये एकाच अ‍ॅक्सलवरच्या दोन चाकांच्या व्यासात टर्निंगनंतर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फरक चालतो, त्यामुळे आम्ही ९२ मायक्रॉनला घाबरत नाही. पण साचे करणारा, पंपाचे किंवा इंजेक्टरचे भाग करणारा कारखाना दहा मायक्रॉनवर भांडतो. त्याच्या दृष्टीने सकाळचा पहिला जॉब आणि दुपारचा जॉब ही दोन वेगळ्या मशीनची कामे झाली. अचूक मशीनवरच्या एकूण चुकांपैकी ४० ते ७० टक्के चुका उष्णतेमुळे होतात असे या विषयाच्या अभ्यासात मानले जाते. ऑपरेटरला शिव्या देण्याआधी हा आकडा आठवावा.

उष्णता बाहेर काढायची पहिली वाट म्हणजे हवा. मोटारच्या मागे पंखा लावला की झाले. स्वस्त, गळण्याची भीती नाही, लाकूडकामाच्या साध्या मशीनवर चालून जाते. पण हा पंखा मोटारच्याच दांड्यावर असेल तर मोठी गोम आहे. मोटार हळू फिरली की पंखाही हळू. जड काप घेताना बहुधा वेग कमी आणि करंट जास्त असतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी वारा बंद.

आमच्या विजेच्या इंजिनांमध्ये याच कारणासाठी ट्रॅक्शन मोटारला स्वतंत्र ब्लोअर असतो. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे. त्या घाटात मालगाडी चढते तेव्हा चाक सर्वांत हळू आणि करंट सर्वांत जास्त. मोटारला तिच्या स्वतःच्या पंख्यावर सोडले तर ती खंडाळा बघणारच नाही. डब्ल्यूएजी-९ इंजिनात सहा मोटारी आहेत, प्रत्येकी ८५० किलोवॅटच्या, आणि त्या एवढ्या मोठ्या असूनही ब्लोअरच्या हवेवर थंड होतात. त्याच इंजिनातला ट्रान्सफॉर्मर मात्र तेलाने थंड होतो, आणि कन्व्हर्टर तेलाने किंवा पाण्याने. म्हणजे एकाच छताखाली सगळ्या पद्धती. हवा का चालते? मोटार बोगीत उघडी आहे, तिला जागा आहे, आणि ती शंभर मायक्रॉन वाढली तरी गाडी चुकत नाही. स्पिंडलला यातले काही परवडत नाही.

म्हणून दुसरी वाट, पाणी. एका लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्याने सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापेल. हा फरक लक्षात घेतला की पाण्याच्या पातळ नळीने जे काम होते ते हवेला का जमत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. दुकानात वापरायचा ढोबळ हिशेब असा: मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल आणि त्याने एक किलोवॅट उष्णता उचलली, तर ते सुमारे १४ अंश तापून बाहेर पडते. दहा लिटर वाहिले आणि तीन किलोवॅट उचलले तर चार-सव्वाचार अंश. तेल वापरले तर त्याच प्रवाहाला तापमान सुमारे अडीच पट चढते, कारण तेलाची उष्णता धरायची ताकद कमी. तरीही काही मेकर तेल पसंत करतात. ते गंजवत नाही, आणि चुकून गळून वाइंडिंगवर गेले तर लगेच शॉर्ट होत नाही.

पाणी फिरते कुठे? स्टेटर एका पोलादी बाहीत घट्ट बसवलेला असतो. त्या बाहीवर बाहेरून स्क्रूच्या आट्यांसारखी खाच कापलेली असते, वर दुसरे नळकांडे बसते आणि दोन्ही टोकांना ओ-रिंग. एका टोकाने पाणी आत, सगळ्या आट्यांमधून फिरून दुसऱ्या टोकाने बाहेर. हेच जॅकेट.

इथे नवशिके मेकॅनिक एक गोष्ट विसरतात. आपले गाव कावेरी आणि अरसलारच्या मध्ये आहे. कावेरीला पाणी असते तेव्हा बघा, मधोमध धार जोरात पळते आणि काठाशी पाणी जवळजवळ उभे असते. खाचेतही तसेच. पाणी संथ वाहिले तर भिंतीलगत पाण्याचा उभा थर राहतो आणि तो गोधडीसारखे काम करतो. मधले पाणी भिंतीपेक्षा बरेच थंड राहून निघून जाते आणि भिंत तापत राहते. प्रवाह एका मर्यादेपलीकडे जोराचा झाला की पाणी घुसळते, तो थर फाटतो आणि मग उष्णता झपाट्याने उचलली जाते. म्हणून व्हॉल्व्ह अर्धा बंद केला तर कूलिंग अर्धे होईल असे समजू नये, ते अर्ध्याहून बरेच खाली जाऊ शकते. बाहेर येणारे पाणी हाताला थंड लागते म्हणून सगळे ठीक, असे म्हणणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. पाणी थंड लागले म्हणून आतली भिंतही थंड आहे असे होत नाही.

आता रोटरकडे वळू. जॅकेट स्टेटरला गार करते. रोटर आत फिरतो, आणि मध्ये काही दशांश मिलिमीटर हवेची फट. साध्या इंडक्शन मोटारमध्ये एकूण उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग या रोटरमध्ये तयार होतो. त्याला बाहेर जायला धड रस्ता नाही. थोडी फटीतून जाते, बाकीची दांड्यातून दोन्ही बाजूंना सरकते आणि बेअरिंगच्या आतल्या रिंगवर येऊन थांबते. कायम चुंबकाचा रोटर वापरला तर ही उष्णता बरीच कमी होते. नाहीतर दांडाच आतून पोकळ करून फिरत्या जॉइंटमधून त्यात कूलंट सोडतात. हा उपाय उत्तम, पण महाग, आणि तो जॉइंट गळू लागला की डोकेदुखी.

बेअरिंगपाशी जरा थांबतो, कारण स्पिंडल बहुतेक वेळा इथेच मरतो. बेअरिंगची बाहेरची रिंग जॅकेटच्या बाजूला, म्हणून गार. आतली रिंग तापलेल्या दांड्यावर, म्हणून गरम. गरम रिंग फुगते, गार रिंग आखडते, आणि मधल्या गोळ्या चेपल्या जातात. चेपल्या की घर्षण वाढते, घर्षणाने आतली रिंग आणखी तापते, आणखी फुगते. हे चक्र एकदा सुरू झाले की काही मिनिटांत बेअरिंग जाम. म्हणजे बाहेरून पाणी जितके जास्त गार, तितका हा फरक जास्त. स्पिंडल तापला म्हणून घाबरून चिलरचा काटा एकदम खाली आणणारा माणूस त्याचे मरण जवळ आणतो. सकाळी मशीन सुरू केल्यावर कमी वेगापासून हळूहळू वर न्यायला सांगतात, त्यालाही हेच कारण. आतले आणि बाहेरचे बरोबरीने तापू द्यायचे. सिरॅमिक गोळ्या आल्या त्याही यासाठी. सिलिकॉन नायट्राइडची गोळी पोलादाच्या निम्म्याहून कमी वजनाची असते आणि तापल्यावर फुगतेही फार कमी.

वंगणाबद्दल दोनच शब्द. अ‍ॅक्सलच्या बेअरिंगमध्ये ग्रीस जास्त भरले तर ते थंड राहत नाही, उलट तापते, हे आमच्या खात्यात नवीन हेल्परलाही ठाऊक असते. फार वेगाच्या स्पिंडलमध्ये तर हवेच्या झोताबरोबर दर काही मिनिटांनी तेलाचा एखादा थेंब पाठवतात, बस्स.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर आपल्यातलीच एक हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, घरच्यांची परवानगी घेतली आहे. आपल्या एका गलाईवाल्या कुटुंबातल्या मुलाने वडिलांच्या धंद्यात न जाता लाकडावर नक्षी कोरणारे सीएनसी मशीन टाकले. देवघराची दारे, चौकटी, देवळाच्या कामाचे पाट. स्पिंडल सव्वादोन किलोवॅटचा, पाण्यावर चालणारा, चारशे हर्ट्झला मिनिटाला चोवीस हजार फेरे. कर्जासाठी आईच्या पाटल्या आणि गंठण बँकेत गेले. पाण्याची सोय म्हणजे पंधरा लिटरची बादली आणि त्यात कूलरचा छोटा पंप. मे महिन्यात बादलीतले पाणी कढत व्हायला लागले. कोणीतरी सल्ला दिला, बर्फ टाक. तो रोज मच्छी मार्केटजवळून बर्फाची लादी आणू लागला. स्पिंडल असा गार राहिला की मुलगा खूश. दोन महिन्यांत स्पिंडल जळला. दुसरा आणला, तोही पावसाळ्याच्या आत गेला. मग घरात बोलणी सुरू झाली की लाकडाचा धंदा आपल्याला लाभत नाही, मशीन विकून टाकावे आणि मुलाने दुकानात बसावे. त्याची आई माझ्या घरी आली. म्हणाली, "भाऊजी, एकदा बघून या. नाही म्हणालात तर मी त्याला समजावते."

जळालेला स्पिंडल उघडून बघितला. वाइंडिंगच्या टोकाशी ओल, पुढच्या बेअरिंगवर गंजाचे ठिपके. जॅकेट गळत नव्हते, ओ-रिंग शाबूत. दुसऱ्याची अवस्था तीच, मेगर लावला तर काटा शून्यापाशी. मग पाणी आले कुठून? हवेतून आले.

फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तोच प्रकार. इथली हवा कोरडी नाही, आपण कावेरीच्या खोऱ्यात, समुद्रापासून फार लांब नाही. हवा ३२ अंशांवर असेल आणि दमटपणा ७० टक्के असेल तर सुमारे २६ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरते. बर्फाच्या पाण्याने स्पिंडल दहा-बारा अंशांवर आणला की रात्रभर तो आतून बाहेरून घामाघूम. त्यावर लाकडाचा भुसा बसतो, तो ओल धरून ठेवतो. थंड देशातल्या मेकरने पुस्तकात चिलर २० अंशांवर ठेवा असे लिहिले असेल, तर ते त्याच्या वातानुकूलित हॉलसाठी बरोबर आहे. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये तोच आकडा लावला तर मशीन रडणार. म्हणूनच चांगल्या चिलरला ठरलेला आकडा न देता हवेच्या किंवा मशीनच्या बेडच्या तापमानाबरोबर चालायला लावतात. खोली ३२ तर पाणीही ३० ते ३२. बेड आणि स्पिंडल एका तापमानाला राहिले की मापही टिकते आणि दवही धरत नाही.

बादलीचा हिशेब त्या मुलाला पाटीवर मांडून दाखवला. भरकामात स्पिंडलमधून चारशे वॅट पाण्यात येतात असे धरले, तर पंधरा लिटरची बादली तासाभरात २३ अंशांनी तापेल. शंभर लिटरचा पिंप ठेवला तर तेवढ्याच वेळात साडेतीन अंश सुद्धा नाही. शिवाय त्यातली काही उष्णता पिंपाच्या अंगावरून निघून जाते. मग झाकणाचा निळा प्लास्टिकचा पिंप घेतला, परतीच्या पाण्याच्या वाटेवर जुन्या गाडीचा रेडिएटर आणि पंखा बसवला, पिंपात एक थर्मामीटर टांगला. बर्फ बंद. बाजारात चिलर या एकाच नावाखाली दोन वस्तू मिळतात हेही लक्षात ठेवा. एकीत नुसता रेडिएटर आणि पंखा असतो, ती हवेपेक्षा गार पाणी कधीच देऊ शकत नाही. दुसरीत फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. त्याच्या कामाला पहिली पुरेशी होती. आणखी एक काम केले ते सर्वांत महत्त्वाचे: पाण्याच्या वाटेवर फ्लो स्विच बसवला. पाणी थांबले की इन्व्हर्टर बंद. तिसरा स्पिंडल दुसऱ्या उन्हाळ्यातून पार पडला आहे. पाटल्या सोडवून आणल्या, गंठण अजून बँकेत आहे.

आता गलाईवाल्यांनी जरा पुढे सरकून बसावे. तुमच्या इंडक्शन मशीनमध्ये मुशीभोवती तांब्याची जी गुंडाळी आहे ती भरीव तार नाही, नळी आहे, आणि तिच्यातून पाणी वाहते. गुंडाळीतून शेकडो अँपिअर जातात, त्याची उष्णता, आणि मुशीची बाहेर येणारी धग, दोन्ही ते पाणी उचलते. स्पिंडलचा पाण्याचा रस्ता अडला तर वीस-तीस हजार रुपये गेले म्हणायचे. तुमच्याकडे पाणी अडले तर तांब्याची नळी थोड्याच वेळात भोक पडून फुटते, आणि शेजारी हजार अंशांवरचा रस आहे. सोने १०६४ अंशांना वितळते, चांदी ९६२ ला. त्या रसाखाली पाण्याचा घोटभर जरी अडकला तरी त्याची एका क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. मग रस मुशीत राहत नाही, तोंडावर येतो. कोळशाच्या भट्टीत धूर होता, घाम होता, पण ही भीती नव्हती. दुकानात गावाकडून आणलेली सोळा-सतरा वर्षांची मुले मुशीपुढे बसतात म्हणून हे इतके स्पष्ट बोलतो आहे.

वीज जाते तेव्हा काय होते ते पाहा. मशीन बंद होते आणि पंपही त्याच बोर्डावर असल्यामुळे बंद होतो. पण मूस तशीच लाल असते आणि गुंडाळीला भाजत राहते. तेव्हा पंप इन्व्हर्टर-बॅटरीवर घ्या, किंवा माळ्यावर एक टाकी ठेवा आणि वीज गेल्याबरोबर तिचा कॉक उघडला की नुसत्या उताराने पाणी गुंडाळीतून जाईल अशी नळी जोडून ठेवा. दुसरी सोय पाचशे-हजार रुपयांत होते आणि तिला वीज लागत नाही. मुशी उचलून बाजूला ठेवली तरी आणखी दहा-पंधरा मिनिटे पाणी चालू राहू द्या. स्पिंडललाही हाच नियम: मशीन थांबले तरी पंप लगेच थांबवायचा नाही.

पाणी कोणते घालावे हे पुष्कळ जण विचारतात. बोअरचे नको. तापलेल्या नळीत त्याचा पांढरा क्षार धरतो, स्वयंपाकघरात पाणी तापवायच्या पातेल्यात धरतो तोच. हा थर उष्णतेला पोलादापेक्षा वीसेक पट जास्त अडवतो आणि तांब्याशी तुलनाच नको. शिवाय भोक बारीक होत जाते, प्रवाह घटतो, मघाशी सांगितलेली गोधडी जाड होते. डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि त्यात मशीनच्या मेकरने सांगितले असेल ते गंजविरोधी औषध घाला. नुसते शुद्ध पाणी पोलादाला गंजवते, म्हणून औषध हवे. गाडीचा हिरवा कूलंट भरमसाट ओतू नका. त्यातले ग्लायकॉल पाणी गोठू नये म्हणून असते, आणि कुंभकोणमला पाणी गोठल्याचे कोणी ऐकलेले नाही. ग्लायकॉल जितके जास्त तितकी पाण्याची उष्णता उचलायची ताकद कमी. पिंप झाकून ठेवा, उजेड लागला की शेवाळ धरते आणि ते थेट जाळीत जाऊन बसते. रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा आणि नळी तांब्याची असेल तर औषधाशिवाय चालवूच नका, अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते.

आताच मागून एक चिठ्ठी आली आहे. "पाणी गरम झाले आहे हे हाताने कळत नाही का?" कळते, पण उशिरा. आमच्याकडे गाडी स्टेशनात आली की पूर्वी माणूस अ‍ॅक्सल बॉक्सला हाताची मागची बाजू लावून बघत असे. आता लांबून रोखायचा थर्मामीटर वापरतात, कारण दोन माणसांचे हात सारखे नसतात आणि तोच हात सकाळी आणि दुपारी सारखा नसतो. हा थर्मामीटर हजार-दीड हजारात मिळतो. आत जाणाऱ्या नळीचे आणि बाहेर येणाऱ्या नळीचे तापमान रोज सकाळी वहीत लिहा. फरक एरवी चार अंश असतो आणि एक दिवस आठ दिसला, तर कामाचा भार तोच आहे ना एवढे पाहून जाळी आणि पंप उघडा. नळी चकचकीत तांब्याची असेल तर हा थर्मामीटर खोटे बोलतो, तिथे काळी टेप चिकटवून टेपवर रोखा.

उद्या आणि परवा माझी सुट्टी आहे. ज्यांच्या दुकानात इंडक्शन मशीन आहे आणि पंप मशीनच्याच बोर्डावर आहे, त्यांनी आरतीनंतर कार्यवाहांकडे नाव द्यावे. मी आणि आमच्या शेडमधले दोन सहकारी येऊन बघून जाऊ. येताना थर्मामीटर आणू, नळी आणि कॉक तेवढे तुम्ही आणून ठेवा. मशीन आमच्यासाठी बंद करून ठेवू नका, चालू असतानाच बघायचे आहे.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!